अहो कुणाला, अरे कुणाला

आइसलँडमधली सहा वर्षांची मुलगी आपल्या शिक्षिकेला पहिल्या नावाने हाक मारते. डॉक्टरांनाही तसेच. देशाच्या राष्ट्राध्यक्षांचा उल्लेखसुद्धा तिथे पहिल्या नावानेच होतो, कारण बहुतेकांना आडनाव नसतेच. नावापुढे येतो तो वडिलांच्या किंवा आईच्या नावावरून बनवलेला शब्द. त्याच वयाचा कोरियन मुलगा शिक्षकांचे नुसते नाव तोंडातून काढणार नाही. तो त्यांना 'सोन्सेंगनिम' म्हणेल आणि वाक्य संपवताना क्रियापदालाही आदराचा प्रत्यय लावेल. रशियन विद्यार्थी शिक्षिकेच्या नावाला तिच्या वडिलांच्या नावावरून आलेला शब्द जोडून हाक मारतो. हवाईमध्ये आईवडिलांच्या वयाचा कोणीही पुरुष 'अंकल' आणि कोणतीही बाई 'आंटी' असते, रक्ताचे नाते असो वा नसो.

ही सगळी मुले आपापल्या गावात चांगल्या वळणाची म्हणूनच ओळखली जातात. अडचण येते ती एका वर्गात बसल्यावर. कुटुंबे देश बदलतात, मुले दोन भाषांत वाढतात. फोनवर नातवाने विचारलेला एकेरी प्रश्न आजोबांच्या मनाला लागतो. दुसरीकडे शिक्षिकेला कोडे पडते, की हा मुलगा माझे नाव का घेत नाही, याला माझी भीती वाटते की काय? मग घराघरांत आणि शाळाशाळांत वाद झडतात. एक बाजू म्हणते, मोठ्यांना नावाने हाक मारणारी पिढी कुणालाच मानणार नाही. दुसरी म्हणते, हे सगळे मानमरातब सरंजामी काळातले आहेत, मुलांच्या पाठीचा कणा वाकवण्यासाठी बनवलेले.

मला दोन्ही बाजू चुकीच्या जागी बघताना दिसतात. मुलाला कोणता शब्द शिकवला, यावरून फारसे काही कळत नाही. तो शब्द कुणाला द्यायला शिकवले आणि कुणाला नाकारायला शिकवले, तिथे खरी परीक्षा आहे. पहिल्या नावाने हाक मारणारा समाज न्यायी असू शकतो आणि अन्यायीही. आदरार्थी बहुवचन वापरणाऱ्या समाजाचेही तेच. वाक्यात आदर किती आहे हे मोजण्यापेक्षा तो कुठे अडतो हे तपासायला हवे.

स्वीडनचे उदाहरण या वादात नेहमी पुढे येते, पण ते बहुधा अर्धेच सांगितले जाते. 1967 मध्ये तिथल्या आरोग्य प्रशासनाचे प्रमुख म्हणून ब्रूर रेक्सेद रुजू झाले आणि त्यांनी जाहीर केले, की मी सगळ्या सहकाऱ्यांना पहिल्या नावाने आणि 'दू' म्हणजे 'तू' म्हणून हाक मारणार, त्यांनीही मला तसेच म्हणावे. बदलाचे वारे आधीपासून वाहत होते, या घोषणेने त्याला चेहरा मिळाला. पुढच्या काही वर्षांत जवळजवळ सारा देश एकेरीवर आला. आज स्वीडिश मूल शिक्षकांना नावाने हाक मारते ते या बदलामुळेच. इतके सगळे सांगतात.

न सांगितलेला भाग अधिक महत्त्वाचा आहे. स्वीडिश भाषेत 'तुम्ही'साठी 'नी' हा शब्द होता, मग तोच सर्वांसाठी का वापरला नाही? कारण तो नासला होता. ज्यांना पदवी होती त्यांच्याशी त्यांच्या पदवीनेच बोलायचे, समोर उभे असतानाही तृतीय पुरुषात: 'संचालकसाहेब कॉफी घेणार का?' ज्यांना पदवी नव्हती, म्हणजे मजूर, मोलकरणी, हाताखालचे लोक, त्यांना 'नी'. दिसायला आदराचा शब्द, पण ऐकणाऱ्याला नेमके कळे की आपल्याजवळ सांगण्याजोगे काही नाही म्हणून हा आपल्या वाट्याला आला. पदवी ठाऊक नसलेल्या माणसाशी बोलताना तर लोक कर्त्याशिवायची वाक्ये जुळवत बसत. स्वीडनने मोडून काढली ती ही उतरंड. म्हाताऱ्यांचा मान कमी करावा असा तिथे कुणाचा हेतू नव्हता. मोलकरणीला आणि संचालकाला एकच शब्द मिळावा, एवढीच मागणी होती. उपलब्ध शब्दांत एकच शब्द असा होता ज्याला अपमानाचा वास येत नव्हता, तो 'तू'.

इंग्रजीचा प्रवास बरोबर उलटा झाला. तिथेही एके काळी 'दाऊ' एकेरी आणि 'यू' अनेकवचनी, आदराचा, असे दोन शब्द होते. सतराव्या शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ठरवले, की ईश्वरापुढे सगळे सारखे, तेव्हा न्यायाधीशालाही 'दाऊ'च म्हणायचे. त्यासाठी त्यांनी शिव्या खाल्ल्या, मार खाल्ला. हे लोक आम्हाला 'दाऊ' म्हणतात या रागाने माणसे अंगावर धावून येत. क्वेकर सर्वांना एकेरीवर आणायला निघाले होते. इंग्रजी भाषेने मात्र हळूहळू सर्वांना 'यू'वर नेले. आज इंग्रजी बोलणारा लहान मुलाशी, नोकराशी, मांजराशीही एके काळच्या आदरार्थी शब्दातच बोलतो, फक्त ते त्याच्या ध्यानात नसते.

म्हणजे समतेकडे जायला दोन वाटा आहेत. सगळ्यांना 'तू'वर आणता येते, किंवा सगळ्यांना 'तुम्ही'वर नेता येते. कोणती वाट बरी, याचे उत्तर त्या समाजाचा इतिहास देतो. ज्यांचा मान पिढ्यानपिढ्या हिसकावला गेला, त्यांना पहिल्या नावाचा मोकळेपणा मोकळेपणा वाटतच नाही.

अमेरिकेच्या दक्षिण भागात वंशभेदाच्या काळात काय चालत होते, ते या संदर्भात प्रत्येक पालकाने समजून घ्यावे असे मला वाटते. गोरी मुले प्रौढ कृष्णवर्णीय माणसांना नुसत्या नावाने हाक मारत. 'मिस्टर' किंवा 'मिसेस' म्हणण्याची त्यांना मनाईच होती म्हणा ना. आजोबांच्या वयाचा माणूस 'बॉय' असे. फार म्हातारा झाला तर 'अंकल', बाई असेल तर 'आंटी'. हवाईत आपुलकीने येणारे तेच दोन शब्द इथे पदवी नाकारण्यासाठी वापरले जात. उलट कृष्णवर्णीय प्रौढाने मात्र गोऱ्या पोरसवदा मुलालाही 'मिस्टर' म्हणायचे. ही मुले घरी अत्यंत सुसंस्कृत होती. आईवडिलांना, शेजाऱ्यांना, पाद्र्यांना ती न चुकता 'येस सर', 'येस मॅम' म्हणत. त्यांना आदर उत्तम शिकवला होता, आणि त्याच धड्यात कोणाला वगळायचे हेही शिकवले होते.

1963 मध्ये अलाबामातल्या गॅड्सडेन इथे मेरी हॅमिल्टन नावाची नागरी हक्कांसाठी काम करणारी कृष्णवर्णीय तरुणी न्यायालयात साक्षीला उभी होती. सरकारी वकील तिला 'मेरी' म्हणत राहिले. तिने उत्तर द्यायला नकार दिला. 'मिस हॅमिल्टन' म्हणा, मग बोलते. न्यायाधीशांनी उत्तर देण्याचा हुकूम केला, तरी ती बधली नाही. न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला पाच दिवस तुरुंगवास आणि 50 डॉलर दंड झाला. 1964 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. हे ज्या समाजाने भोगले, त्या समाजातली आजी नातवाला 'शेजारच्या काकूंना नावाने हाक मारायची नाही' असे बजावते, तेव्हा तिला सरंजामी म्हणणारा माणूस इतिहास विसरलेला असतो. तिच्या दृष्टीने 'मिसेस' हा शब्द लढून मिळवलेला आहे. तो नव्या पिढीने सहज सोडून द्यावा असे तिला का वाटावे?

म्हणून 'सगळ्या शाळांत शिक्षकांना पहिल्या नावानेच हाक मारा, तेच आधुनिक' हा आग्रह मला मान्य नाही. आणि 'सर-मॅडम म्हटल्याशिवाय शिस्त येत नाही' हाही नाही. 1999 मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याने कायदाच केला, की सरकारी शाळांतल्या लहान इयत्तांच्या मुलांनी शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना 'सर', 'मॅम' किंवा योग्य उपाधी लावूनच उत्तर द्यावे. शाळेचे सगळे कर्मचारी त्यात आले, ही त्यातली चांगली बाजू. पण शिक्षकांनी मुलांशी कसे बोलावे, याची सक्ती मात्र झाली नाही. मुलाला लावलेला नियम मोठ्यांना लागू होत नाही, तेव्हा त्या नियमातून मुलाने शिकायचे तरी काय? आपण लहान आहोत तोवर मान द्यायचा, मोठे झालो की घ्यायचा, एवढेच.

इथे एक रास्त आक्षेप येतो. वयाचा मान राखायचा म्हटले, तर तो एकतर्फी असणारच. आजोबांनी नातवाला 'अहो' म्हणायचे का? या प्रश्नाला व्हिएतनामी भाषेने दिलेले उत्तर मला फार सुंदर वाटते. रोजच्या बोलण्यात त्या भाषेला 'मी' आणि 'तू' यांचे तटस्थ शब्द जवळजवळ लागतच नाहीत. दोन्हींच्या जागी नात्याचे शब्द येतात. मुलाला समोरच्या माणसाशी बोलण्याआधी अंदाज घ्यावा लागतो, की हा आपल्या वडिलांपेक्षा मोठा असेल की लहान. मोठा वाटला तर 'बाक', लहान वाटला तर 'चू', म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. आणि मूल स्वतःला 'मी' न म्हणता 'चाउ' म्हणते, म्हणजे पुतण्या, भाचा किंवा नातवंड. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. तो माणूसही बोलताना स्वतःला 'चू' आणि मुलाला 'चाउ' म्हणतो. दोघेही एकाच नात्यात उभे राहून बोलतात. वयाची उतरण आहे, पण ती दोघांनी मिळून मान्य केलेली आहे, आणि वडीलधारेपणाचा शब्द उच्चारताना मोठा माणूसही त्या नात्याची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतो. काका म्हणवून घ्यायचे तर काकासारखे वागावे लागते.

परस्परता म्हणजे दोन्हीकडून एकच शब्द, असे माझे म्हणणे नाही. शब्द वेगळे असोत. पण मुलाच्या शब्दाला मोठ्याकडून काहीतरी उत्तर असले पाहिजे. इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या भाषेत हे फार कठीण झाले होते. तिथे साधी 'न्गोको' आणि आदराची 'क्रामा' अशा पातळ्या आहेत. एकाच वस्तूला, एकाच क्रियेला पूर्णपणे वेगळे शब्द. मूल आजोबांशी क्रामात बोलते, आजोबा न्गोकोत उत्तर देतात. घरात हे प्रेमाने चालते. पण तीच पद्धत जमीनदार आणि कूळ यांच्यात, अधिकारी आणि शेतकरी यांच्यात आली, की एका प्रौढ माणसाला दुसऱ्या प्रौढापुढे आयुष्यभर लहान मूल होऊन राहावे लागते. 1917 मध्ये सुराबाया शहरात 'जावा दिपा' नावाची चळवळ निघाली ती याच रागातून. सर्वांनी सर्वांशी न्गोकोतच बोलावे, असा तिचा आग्रह. ती फार टिकली नाही. पण 1928 मध्ये इंडोनेशियाच्या तरुणांनी एका भाषेची शपथ घेतली, तेव्हा सर्वांत मोठ्या समूहाची जावानीज बाजूला ठेवून मलय निवडली गेली. त्यामागे अनेक कारणे होती, मलय ही आधीपासून सगळ्या बेटांवरच्या व्यापाराची भाषा होती हे मुख्य. तिच्यात या पायऱ्या नव्हत्या, हेही एक होते.

परस्परतेचा सर्वांत धीट विचार मात्र त्याच कोरियातून आला, ज्याला आपण अत्यंत उतरंडीची भाषा म्हणून ओळखतो. 1920च्या दशकात, देश जपानच्या ताब्यात असताना, बांग जोंग-ह्वान या लेखकाने मुलांसाठी चळवळ उभारली. मुलांना उद्देशून बोलायला आणि लिहायला त्यांनी 'ओरिनी' हा मानाचा शब्द रुळवला. 1 मे 1923 रोजी त्यांच्या साथीदारांनी बालदिन साजरा केला आणि मोठ्यांसाठी पत्रके वाटली. त्यांत मोठ्यांना विनंती होती, की मुलांकडे वरून खाली पाहू नका, मान वर करून पाहा. आणि पुढे थेट भाषेबद्दल: मुलांशी आदरार्थी भाषेत बोला, पण ती भाषा मृदू असू द्या. शंभर वर्षांपूर्वीच्या, कन्फ्यूशियसच्या शिकवणीत मुरलेल्या समाजात ही मागणी किती धाडसाची होती, याची कल्पना करून पाहावी. बांग यांनी मोठ्यांचा मान काढून घ्या असे म्हटले नाही. तो मुलांपर्यंत पोहोचवा, असे म्हटले.

असे करणे अशक्य आहे असेही नाही. जपानमधल्या अनेक प्राथमिक शाळांत आता शिक्षक मुलामुलींना सारखेच आडनावाला 'सान' हा आदराचा प्रत्यय लावून हाक मारतात, आणि मुलांनीही एकमेकांना तसेच म्हणावे असे सुचवतात. पूर्वी मुलग्यांना 'कुन' आणि मुलींना 'सान' असा भेद असे. टोपणनावांतली मजा गेली अशी तक्रार तिथले पालक करतात आणि त्यात तथ्य आहे. पण चिडवण्याची नावेही त्याच दाराने येतात, हेही खरे. जर्मनीतल्या अनेक शाळांत साधारण सोळाव्या वर्षी शिक्षक विद्यार्थ्यांना 'दू' म्हणजे 'तू' सोडून 'झी' म्हणजे 'तुम्ही' म्हणू लागतात, किंवा निदान विचारतात तरी, की तुम्हाला काय आवडेल? बहुतेक मुले 'दू'च चालू ठेवा म्हणतात असा तिथल्या शिक्षकांचा अनुभव ऐकायला मिळतो. ते ठीकच आहे. विचारले गेले, हे त्या मुलांच्या लक्षात राहते.

मोठ्यांच्या बाबतीत शाळेपेक्षा घर अधिक शिकवते, आणि घरात तर हा धडा शब्दांवाचून होतो. पाहुणे आले की मुलाला पुढे करून सांगितले जाते, काकांना नमस्कार कर, 'तुम्ही' म्हण. त्याच दारातून घरकामाला येणाऱ्या, आजीच्या वयाच्या बाईंना मूल एकेरीत हाक मारते, तेव्हा कोणी टोकत नाही. रखवालदाराला, सफाई करणाऱ्याला, सामान पोचवणाऱ्याला आईवडील स्वतः कसे बोलतात ते मूल ऐकत असते. चार वर्षांच्या मुलाला कळत नाही असे समजू नये. कोणाशी कसे बोलायचे याचे नियम मुले व्याकरणाबरोबरच उचलतात, आणि कुणी न शिकवता बरोबर वापरतात. गाडी चालवणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला 'अरे' आणि वडिलांच्या तिशीतल्या साहेबांना 'अहो' म्हणणाऱ्या मुलाने वयाचा मान शिकलेलाच नाही. त्याने पैशाचा मान शिकला आहे, आणि आपण त्याला संस्कार म्हणतो आहोत. मला या साऱ्या वादात सर्वांत जास्त खुपते ते हे. मोठ्यांना मान द्यावा असे म्हणणाऱ्यांनी मोठे म्हणजे सगळे मोठे, असे एकदा ठरवावे. मग त्यांच्याशी माझा काहीही वाद उरत नाही.

आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. नात्याचे शब्द विश्वास निर्माण करतात. तेच त्यांचे सौंदर्य, आणि तोच त्यांचा धोका. मुलांवर अत्याचार करणारा माणूस बहुतेक वेळा अनोळखी नसतो, ओळखीतला असतो. ज्याला मूल काका म्हणते, त्याला 'नाही' म्हणणे त्याला जड जाते; ज्याच्यापुढे उलट बोलायचे नाही असे शिकवले, त्याच्याविषयी तक्रार करणे त्याहून जड. यावर उपाय म्हणून नात्याचे शब्द टाकून द्यावेत असे मी म्हणणार नाही. पण काका म्हणायला शिकवतानाच हेही स्पष्ट सांगायला हवे, की काकांना नकार देता येतो, त्यांच्या मांडीवर बसायचे नसेल तर बसू नये, आणि त्यांच्याबद्दल आईबाबांना काहीही सांगितले तरी कोणी रागावणार नाही. ज्या घरात आदर म्हणजे गप्प बसणे असे समीकरण आहे, तिथे हे सांगूनही मूल बोलेल याची खात्री नाही. मुलांच्या हक्कांविषयीच्या 1989च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातले बारावे कलम सांगते, की स्वतःविषयीच्या बाबतीत मुलाला मत मांडता आले पाहिजे आणि त्या मताला त्याच्या वयानुसार व समजेनुसार वजन मिळाले पाहिजे. 'तुम्ही' म्हणून नकार देता येतो आणि 'तू' म्हणूनही गप्प राहता येते. नकार द्यायला जागा ठेवली आहे का, हे पाहायचे.

दोन संस्कृतींमध्ये वाढणाऱ्या मुलांची मला काळजी वाटत नाही. मुले या बाबतीत विलक्षण चतुर असतात; आजीशी एक भाषा, शिक्षिकेशी दुसरी, हे त्यांना अंगवळणी पडते, जशा दोन भाषा पडतात. त्यांना त्रास होतो तो त्यांच्या एखाद्या चुकीचा अर्थ मोठ्यांनी भलता लावल्यामुळे. शिक्षकाच्या डोळ्याला डोळा न देणाऱ्या, नाव न घेणाऱ्या मुलाला मंद किंवा लाजाळू ठरवले जाते. नाव घेणाऱ्याला उर्मट. इथे ओझे मोठ्याने उचलायला हवे, कारण दोन्ही रीती जाणून घेणे त्याला शक्य आहे. वर्गात पहिल्या दिवशी शिक्षकाने सरळ सांगावे, मला असे म्हणा, आणि घरी वेगळी सवय असेल तर तसे म्हटलेलेही मला चालेल. आणि लगेच विचारावे: तुला काय म्हणू? तुझ्या नावाचा उच्चार कसा करायचा? दुसऱ्या देशातून आलेल्या मुलाचे नाव कापून, सोपे करून, आपल्या जिभेला बसेल तसे करून हाक मारणारे शिक्षक स्वतःच्या नावामागच्या उपाधीबद्दल मात्र काटेकोर असतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. जे नाव घेऊन मूल घरातून निघाले, ते वर्गाच्या दारात हरवता कामा नये.

शाळांनी संबोधनाचा नियम करायचाच असेल तर तो असा करावा. शाळेच्या आवारात काम करणाऱ्या प्रत्येक प्रौढाला, मुख्याध्यापकांपासून स्वच्छतागृहे धुणाऱ्या बाईंपर्यंत, मुले एकाच पद्धतीने हाक मारतील. ती पद्धत पहिल्या नावाची असेल तर सर्वांसाठी पहिल्या नावाची, उपाधीची असेल तर सर्वांसाठी उपाधीची. मोठी माणसे एकमेकांनाही मुलांसमोर त्याच पद्धतीने बोलावतील. आणि मुलांच्या संदर्भात मोठ्यांवर कोणती बंधने आहेत, ती त्याच कागदावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिलेली असतील: ओरडून हाक मारायची नाही, व्यंगावरून किंवा जातीधर्मावरून नाव ठेवायचे नाही, उच्चार चुकला तर विचारून दुरुस्त करायचा. हा कागद मुलांना वाचून दाखवण्याआधी शिक्षकांच्या बैठकीत वाचला जावा, आणि त्या बैठकीला सफाई कर्मचाऱ्यांनाही खुर्ची असावी.